सेंद्रिय अन्न : अपेक्षा, पुरावा आणि रुग्णाचे ताट

वार्षिक अहवालात कामकाजाच्या नोंदी आणि जमाखर्च यांच्यासोबत आरोग्याच्या एखाद्या प्रश्नाचे विवेचन देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा सेंद्रिय अन्नाचा विषय घेण्यास एक निकडीचे कारण घडले. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात रुग्णांसाठी शिजणारे सर्व अन्न सेंद्रिय असावे, अशी सूचना काही हितचिंतक देणगीदारांनी केली आहे. तिच्यामागील कळकळ आम्ही जाणतो. दुसरीकडे रुग्णांचे नातेवाईकही वरचेवर विचारणा करतात. मधुमेही वडिलांना सेंद्रिय गूळ चालेल काय? कर्करोगाचे उपचार चालू असलेल्या आईला बाजारची भाजी बंद करावी काय? सेंद्रिय माल बाजारात अनेकदा दीडपट ते दुप्पट दराने विकला जातो. ज्या कुटुंबाने औषधोपचारासाठी आधीच कर्ज काढले आहे, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. विश्वस्तनिधीतील रुपयाही समाजाने विश्वासाने सोपविलेला असतो. म्हणून या विषयातील अपेक्षा कोणत्या आणि पुरावा कोणता, हे शक्य तितक्या साध्या भाषेत येथे मांडत आहोत.

'सेंद्रिय' या शब्दाचा अर्थ

'सेंद्रिय' हा शब्द पदार्थ कसा पिकविला गेला हे सांगतो. रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके, तणनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे न वापरता, शेणखत, कंपोस्ट, हिरवळीची खते आणि पिकांची फेरपालट यांच्या आधारे केलेली शेती ती सेंद्रिय शेती. भारतात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची चौकट २००१ सालापासून अस्तित्वात आहे. तिच्यानुसार जमिनीला सेंद्रिय म्हणवून घेण्यापूर्वी साधारणतः दोन ते तीन वर्षांचा संक्रमणकाळ पार करावा लागतो. याखेरीज शेतकऱ्यांनी गट करून परस्परांच्या शेतांची तपासणी करावी, अशी सहभागी हमी पद्धतही आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली सेंद्रिय अन्नाचे स्वतंत्र नियम केले आणि 'जैविक भारत' हे बोधचिन्ह आणले.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, सेंद्रिय शेतीत फवारणी मुळीच होत नाही असे नाही. कडुनिंबाचा अर्क, गंधक, तसेच मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण यांना ठरावीक मर्यादेत परवानगी असते. दुसरी ही की, प्रमाणपत्र पदार्थातील जीवनसत्त्वांची, साखरेची वा रोगजंतूंची ग्वाही देत नाही. ते केवळ पिकविण्याच्या पद्धतीची ग्वाही देते.

कोल्हापूरला हा विचार परका नाही. येथूनच 'प्रयोग परिवारा'ची चळवळ उभी करणारे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांनी पालापाचोळा, सूर्यप्रकाश आणि शेतकऱ्याचे स्वतःचे निरीक्षण यांना शेतीविज्ञानाची साधने मानले. कणेरीच्या सिद्धगिरी मठानेही सेंद्रिय शेतीचे प्रयोग व प्रशिक्षण चालविले आहे. ऊसपट्ट्यात बेसुमार पाणी आणि खते यांमुळे जमिनी क्षारपड होताना शेतकऱ्यांनी पाहिल्या आहेत. शिरोळ तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र नळ्या टाकून अशा जमिनी पुन्हा लागवडीखाली आणाव्या लागल्या. मातीचा कस राखण्यासाठी सेंद्रिय खत हवे, याविषयी शेतीतज्ज्ञांत फारसा वाद नाही. आमच्यापुढील प्रश्न मात्र निराळा आहे. त्या शेतातून आलेले अन्न खाणाऱ्याच्या प्रकृतीला किती अधिक लाभ देते?

पोषणमूल्याचा दावा

सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असते, हा सर्वांत जास्त ऐकू येणारा दावा. लंडनच्या आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील संशोधकांनी मागील ५० वर्षांच्या शास्त्रीय लेखनाचा आढावा घेऊन २००९ साली निष्कर्ष काढला की, बहुतेक पोषकद्रव्यांच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या अन्नात आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक आढळत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले आणि जवळपास तसेच मत नोंदविले. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१४ साली ३४३ शोधनिबंधांचे विश्लेषण झाले. त्यात सेंद्रिय पिकांत वनस्पतिजन्य संरक्षक द्रव्ये अधिक आणि कॅडमियम हा घातक धातू कमी आढळला. तरीही या फरकामुळे खाणाऱ्याचे आजार कमी होतात, हे त्या विश्लेषणाने सिद्ध केले नव्हते.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. भाजीतील जीवनसत्त्वे तिच्या वाणावर, जमिनीवर आणि विशेषतः ती तोडल्यापासून किती वेळ गेला यावर अवलंबून असतात. पहाटे गावच्या शेतात तोडलेली साधी मेथी त्याच दिवशी शिजविली, तर दूरवरून येऊन चार दिवस ठेवलेल्या प्रमाणित मेथीपेक्षा ती पोषणात सरस ठरू शकते. दुधाचेही तसेच. २०१६ सालच्या एका विश्लेषणात सेंद्रिय दुधात ओमेगा-३ प्रकारचे स्निग्धाम्ल सुमारे निम्म्याने जास्त आढळले. त्याचे मुख्य कारण जनावरांना मिळणारा हिरवा चारा हे होते. आपल्याकडे बांधावरचा हिरवा चारा खाणाऱ्या म्हशीला हा लाभ प्रमाणपत्रावाचूनही होऊ शकतो.

कीटकनाशकांचे अंश

या मुद्द्यावर सेंद्रिय अन्नाची बाजू भक्कम आहे. स्टॅनफर्डच्या त्याच आढाव्यात सेंद्रिय मालावर कीटकनाशकांचे अंश आढळण्याचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. काही अंश मात्र त्यातही सापडले, कारण वारा, पाणी आणि शेजारचे शेत यांना कुंपण घालता येत नाही. साध्या मालाविषयी केंद्र सरकारच्या देखरेख योजनेत तपासलेल्या नमुन्यांतून दिसते ते असे : २०१८–१९ साली सुमारे पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत काही ना काही अंश होते, परंतु कायदेशीर मर्यादेपलीकडे गेलेले नमुने दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास होते. अंश सापडणे आणि अंश घातक पातळीला असणे या भिन्न गोष्टी आहेत. तरीही गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्या बाबतीत हा संपर्क जितका कमी तितका बरा, हे मत आम्हांस रास्त वाटते.

अंश कमी ठेवण्याचा मार्ग केवळ सेंद्रिय शेतीतूनच जातो, असे मात्र नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडली. त्यानंतर सांगली–नाशिक भागातील बागायतदारांनी फवारणीचे वेळापत्रक, काढणीपूर्वीचा थांबा आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांबाबत अधिक काटेकोर शिस्त अंगीकारली. परदेशी ग्राहकासाठी जी दक्षता घेतली जाते, ती आपल्या मंडईतील ग्राहकाच्याही वाट्याला यावी, अशी मागणी करण्याचा आपणा सर्वांना अधिकार आहे.

कीटकनाशकांचा सर्वांत मोठा आघात मात्र जेवणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्यावर होतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. २०१३ साली बिहारमधील सारण जिल्ह्यात शालेय पोषण आहारातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन २३ बालकांचा मृत्यू झाला. केरळातील कासरगोडच्या रहिवाशांची व्यथा देशापुढे आल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एंडोसल्फानवर बंदी घातली. सेंद्रिय माल विकत घेणारा ग्राहक स्वतःच्या आरोग्यापेक्षाही एखाद्या अनोळखी शेतमजुराच्या आरोग्याला अधिक हातभार लावत असतो, असे आम्ही म्हणू. हा लाभ खरा आहे. तो ताटात दिसत नाही म्हणून त्याला कमी लेखू नये.

कर्करोग आणि सेंद्रिय आहार

नातेवाइकांच्या मनातील सर्वांत मोठी भीती येथेच असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली ग्लायफोसेट, मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन ही द्रव्ये 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातली. या वर्गीकरणातून एखादे द्रव्य रोग करू शकते काय, हे कळते. ताटातील अत्यल्प अंशाने तो किती जणांना होईल, हे त्यावरून कळत नाही.

प्रत्यक्ष माणसांवरील दोन मोठे अभ्यास परस्परांपुढे ठेवून पाहावेत. फ्रान्समध्ये ६८,९४६ प्रौढांचा मागोवा घेतलेल्या अभ्यासात सेंद्रिय अन्न सर्वाधिक खाणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसले. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१४ साली ब्रिटनमधील ६ लाख २३ हजार स्त्रियांचा नऊ वर्षांहून अधिक काळ घेतलेला मागोवा प्रसिद्ध झाला होता. त्यात सेंद्रिय खाणाऱ्या व न खाणाऱ्या स्त्रियांच्या एकूण कर्करोगप्रमाणात घट आढळली नाही, फक्त लसिका ग्रंथींच्या एका प्रकारच्या कर्करोगात थोडी घट दिसली. फ्रान्समधील सेंद्रिय अन्न खाणारे लोक सरासरीने अधिक शिकलेले, कमी धूम्रपान करणारे आणि भाज्या-फळे जास्त खाणारे होते. संशोधकांनी हिशोबात ही तफावत वजा करण्याचा प्रयत्न केला, पण अशी वजाबाकी कधीच पूर्ण होत नाही.

आपल्या जिल्ह्यातही शिरोळ भागातील कर्करुग्णांविषयी अनेक वर्षे चर्चा चालू आहे. तेथील काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु सारा दोष भाजीवर टाकून तंबाखू, मिश्री आणि मद्य यांना मोकळे सोडले, तर प्रतिबंधाची मोठी संधी हातची जाईल. तोंडाच्या कर्करोगाचे आपल्याकडील प्रमुख कारण आजही तंबाखू हेच आहे. ज्या घरात सेंद्रिय भाजी येते आणि खिशात तंबाखूची पुडीही असते, त्या घरात पहिले पाऊल कोणते उचलावयाचे, हे सांगण्यास प्रयोगशाळेची गरज नाही.

कोल्हापुरी गुळाचा धडा

हा सारा विषय आपल्या रोजच्या परिचयाच्या एका पदार्थातून नीट उलगडतो. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेने कोल्हापुरी गुळाला देशभर नाव मिळवून दिले आणि २०१४ साली त्यास भौगोलिक निर्देशांकही लाभला. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असताना मळी वर आणण्यासाठी पूर्वापार रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस आणि चुन्याची निवळी वापरली जाई. ग्राहक जसजसा पिवळाधमक, फिकट गूळ मागू लागला, तसतसा रंग उजळविण्यासाठी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजेच व्यवहारातील 'हायड्रॉस', काहिलीत पडू लागले. त्यातून गंधकाचे अंश गुळात राहतात. कायद्याने या अंशांना मर्यादा घातली आहे. दम्याच्या काही रुग्णांना अशा अंशांचा त्रास होऊ शकतो. एवढे करून आणलेला रंगही टिकत नाही. असा गूळ साठवणीत पुन्हा काळवंडतो.

आता बाजारातील दोन शब्द तपासून पाहू. 'रसायनविरहित गूळ' म्हणजे काहिलीत रसायन न घालता केलेला गूळ. त्याचा ऊस युरियावर वाढलेला असू शकतो. 'सेंद्रिय गूळ' म्हणजे ऊसही सेंद्रिय पद्धतीने पिकविलेला आणि गूळही तसाच केलेला. खाणाऱ्याच्या दृष्टीने काहिलीतील फरक अधिक थेट आहे आणि तो साधण्यासाठी ग्राहकाने गडद तपकिरी गुळाची सवय केली तरी बरेच काम होते.

आणि मधुमेही वडिलांचा प्रश्न? गूळ कोणत्याही पद्धतीचा असो, त्याचा फार मोठा भाग साखरच असतो आणि तो रक्तातील साखर वाढवितोच. गुळात लोह असते. परंतु आपण दिवसाकाठी जेवढा गूळ खातो, तेवढ्याने रक्तक्षय बरा होत नाही. 'सेंद्रिय आहे, म्हणून चालेल' या समजुतीने मधुमेही रुग्णाने गुळाचा चहा सुरू करणे आणि गोळ्या कमी करणे हे सरळ हानीचे आहे. येथे तो शब्द आश्वासन बनतो आणि आश्वासनाच्या भरवशावर पथ्य सुटते.

जंतूंचा धोका

अन्नातून होणारे तातडीचे आजार बहुतांशी जंतूंमुळे होतात. २०११ साली जर्मनीत ई-कोलाय जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. शोधाअंती मूळ सापडले ते एका सेंद्रिय शेतातील मोड आलेल्या मेथीत. मेथीचे बी दूषित होते. सेंद्रिय पद्धतीचा त्यात दोष नव्हता, पण तिने संरक्षणही दिले नाही. आपल्या शेजारी इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली, ती दूषित पाण्यामुळे. नदीत मिसळणारे सांडपाणी भाजीच्या मळ्यातही जाते, आणि ते मळा सेंद्रिय आहे की नाही हे पाहत नाही. नीट न कुजलेले शेण किंवा ताजी शेणकाला कोशिंबिरीच्या भाज्यांपर्यंत पोहोचली, तर तीही धोक्याची. शेंगदाण्याला दमट साठवणीत लागणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे, आणि ते दोन्ही प्रकारच्या शेंगदाण्यात होऊ शकते.

केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाची प्रतिकारशक्ती घटलेली असते. त्याच्यासाठी भाजी कोणत्या शेतातून आली यापेक्षा ती वाहत्या पाण्यात धुतली गेली काय आणि पूर्ण शिजली काय, हे अधिक महत्त्वाचे. अशा रुग्णास कच्चे मोड देऊ नयेत, मग ते सेंद्रिय असले तरी.

रुग्णालयाच्या स्वयंपाकघराविषयी आमचा विचार

झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या चाचणीत रुग्णांना दरमहा शिधा देण्यात आला. निम्म्या गटांतील रुग्णांच्या घरच्या माणसांनाही तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळाली. अन्न साधेच होते. या घरांतील माणसांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन उपचाराच्या आरंभी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोकाही कमी झाला. पुरेशा अन्नाचा असा निःसंदिग्ध, मोजता येणारा परिणाम सेंद्रिय अन्नाच्या नावावर आजपर्यंत जमा नाही.

म्हणून सर्व अन्न सेंद्रिय करण्याची सूचना आम्ही जशीच्या तशी स्वीकारू शकत नाही. तेवढ्या खर्चात एक तर कमी रुग्णांना जेवण मिळेल, किंवा ताटातील डाळ, दूध, अंडे आणि फळ यांना कात्री लागेल. दोन्ही गोष्टी आम्हांस मान्य नाहीत. मात्र या सूचनेतील सार घेऊन आम्ही पुढील धोरण योग्य मानतो. गूळ रसायनविरहित व गडद रंगाचाच घ्यावा. पालेभाज्या शक्यतो जवळच्या, ओळखीच्या आणि फवारणीची माहिती मोकळेपणी देणाऱ्या शेतकऱ्यांकडून ताज्या घ्याव्यात. शेंगदाणे व धान्य कोरड्या जागी साठवावे. पाण्याची तपासणी नियमित व्हावी. या कामांसाठी दिलेली देणगी रुग्णाच्या ताटापर्यंत निश्चितपणे पोहोचेल.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी

ज्यांना परवडते त्यांनी सेंद्रिय अन्न अवश्य घ्यावे. माती, पाणी आणि शेतात राबणारी माणसे यांचे त्यात हित आहे. मोजकेच परवडत असेल, तर लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी सालासकट खाल्ली जाणारी फळे आणि पालेभाज्या यांना प्राधान्य द्यावे. घेताना 'जैविक भारत' चिन्ह पाहावे. छोटा शेतकरी थेट माल विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नसते, तेव्हा त्याच्या शेतावर एकदा जाऊन यावे.

ज्यांना परवडत नाही त्यांनी स्वतःला दोष लावून घेऊ नये. भाजी वाहत्या पाण्यात चोळून धुवावी, कोबीची बाहेरची पाने काढून टाकावीत, जरूर तेथे साल काढावी. याने पृष्ठभागावरील अंश बऱ्याच प्रमाणात कमी होतात. वनस्पतीच्या आत भिनणारी औषधे धुण्याने जात नाहीत, म्हणून भाज्या आलटूनपालटून घ्याव्यात आणि हंगामातील घ्याव्यात. भीतीपोटी भाजी-फळे कमी करणे हा मात्र चुकीचा उपाय होय. साध्या भाजी-फळांनी होणारा लाभ त्यांवरील अंशांच्या संभाव्य हानीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

शेवटी एकच विनंती. कोणतेही अन्न, ते कितीही शुद्ध असो, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या जागी ठेवू नये. आहाराविषयी शंका असल्यास बाह्यरुग्ण विभागात नि:संकोचपणे विचारावी. तिचे निरसन करणे हा आमच्या सेवेचाच भाग आहे.